दुपट्ट्याखालची दलाली

माझ्या बाबांचा कुणावरच विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नव्हता, पोस्टमनवर नव्हता, सख्ख्या भावावर तर मुळीच नव्हता. तुपाच्या बरणीवर कागद चिकटवून ते पेन्सिलीनं रेघ मारायचे, म्हणजे तूप कुठवर आहे ते कळावं. आईनं कधी भांडण केलं नाही. ती रेघ खोडून थोडी खाली मारायची आणि पोळ्यांना तूप लावायची. जंगल खात्याच्या कचेरीत बाबांची सगळी नोकरी तोडलेल्या लाकडाची थप्पी तपासण्यात गेली होती. मोजून ठेवलेलं सागवान रातोरात कमी होतं, मग माणसाचं काय घेऊन बसलात, असं ते म्हणत.

पण एक गोष्ट त्यांचे शत्रूही मान्य करायचे. बाबा खोटं बोलत नसत. नको असलेला पाहुणा दारात आला तर ते मागच्या दारानं निघून कुंपणाच्या पलीकडे उभे राहत, म्हणजे ‘ते घरात नाहीत’ असं आईला खरंखरं सांगता यावं. पाहुणा जाईस्तोवर तिथं उन्हात ताटकळत. आम्हा मुलांना याचं हसू यायचं आणि अभिमानही वाटायचा. गावात बापाच्या नावानं शपथ घ्यावी असे बाप थोडेच होते.

ही गोष्ट महाराष्ट्र नुकताच झाला होता त्या सुमाराची. मी तेव्हा यवतमाळच्या मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते, लग्न व्हायचं होतं. बाबा निवृत्त झाले होते. आर्णी रस्त्याला त्यांची एक पडीक जागा होती, स्वस्तात कधीतरी घेऊन ठेवलेली. दर रविवारी ते तिथं चालत जायचे आणि हद्दीचे दगड कुणी सरकवले तर नाहीत ना, हे पाहून यायचे. वय झालं तसं ते चालणं जमेना. जागा विकायची ठरली, आणि दलाल आमच्या ओसरीवर आला.

त्याला कुणी बोलावलं, यावर पुढं कोर्टात बराच खल झाला. मला आठवतं ते असं, की बाबांनी कापसाच्या बाजारासमोरच्या हॉटेलात, दलाल शेजारच्या बाकावर बसलेला असताना, दुसऱ्याच कुणाला तरी मोठ्यानं सांगितलं की जागा काढायची आहे. दुसऱ्या दिवशी तो हजर. हा माणूस नेरकडच्या एका तांड्यातला. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर हिंडलेले. बापानं बैलबाजारात दलाली केली, यानंही तीच केली, आणि शहर वाढू लागलं तसा तो बैलांवरून जागांवर आला. धोतर, पांढरा सदरा, खांद्यावर लाल काठाचा दुपट्टा. आईला तो ‘याडी’ म्हणायचा, त्यांच्या बोलीत आईला तसंच म्हणतात. आईला ते फार आवडायचं आणि बाबांना तितकंच खटकायचं.

आणि खोटं किती बोलावं त्यानं! आमच्या त्या मुरमाड जागेखाली गोड्या पाण्याचा झरा आहे, असं त्यानं नेरच्या कापूस व्यापाऱ्याला माझ्यादेखत सांगितलं. नागपूरचे एक डॉक्टर या जागेसाठी हात धुऊन मागे लागलेत, असंही सांगितलं. बाबांना वेगळीच हूल दिली, की व्यापारी आज संध्याकाळच्या गाडीनं अमरावतीला निघाला, तिकडची जागा त्याला पसंत आहे. बाबा आत येऊन आईला म्हणाले, दोघं मिळालेले आहेत, हा डाव आहे. मलाही तसंच वाटलं. ज्याच्या तोंडातून सकाळपासून एक खरा शब्द निघाला नाही, त्याच्या हातून व्यवहार काय होणार, असं मी मनात म्हटलं.

सौदा आमच्या ओसरीवर झाला. व्यापारी तख्तपोसावर, बाबा खुर्चीवर, आणि मधे सतरंजीवर दलाल. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला, व्यापाऱ्याचा हात त्याखाली घेतला आणि दोघं गप्प. बैलबाजारात असाच सौदा होतो. कापडाखाली बोटं धरायची, बोटांनी भाव सांगायचा, कमी-जास्त करायचा, आणि बाजूला उभ्या असलेल्या सतरा जणांना काही कळू द्यायचं नाही. विकणाऱ्याचं विकणाऱ्याजवळ, घेणाऱ्याचं घेणाऱ्याजवळ, दोन्हीकडचं ठाऊक एकट्या दलालाला. पण जागेचा सौदा असा होताना मी पहिल्यांदाच पाहत होते. आई आणि मी दारामागे चहाचे कप घेऊन उभ्या होतो.

मग त्यानं दुपट्टा बाबांच्या गुडघ्यावर पसरला. बाबांनी हात मागे घेतला आणि म्हणाले, जे काय ते तोंडानं सांगा.

“तोंडानं सांगतलं त भित आयकते, साहेब,” दलाल म्हणाला. “हात द्या.”

बाबांनी हात दिला. बोटांचा हिशेब त्यानं त्यांना आधीच हॉटेलात समजावून सांगितला होता. दुपट्टा हलला, बाबांनी मान हलवून नकार दिला. पुन्हा हलला, पुन्हा नकार. असं बराच वेळ चाललं आणि शेवटी बाबांनी होकाराची मान हलवली. व्यापारी उठून पान थुंकायला अंगणात गेला. आम्हाला वाटलं, झालं. पण दलालानं बाबांचा हात सोडला नव्हता. दुपट्टा आणखी एकदा हलला. बाबांनी मान हलवली नाही, होकाराची नाही की नकाराची नाही. ते अंगणातल्या लिंबाकडे पाहत होते. मग त्यांनी हात काढून घेतला आणि धोतराला पुसला. आईनं काय झालं विचारल्यावर म्हणाले, भाव ठरला.

मी जे पाहिलं ते एवढंच. कापडाखालचं मला दिसलं नाही, ते कुणालाच दिसणार नव्हतं.

त्यानंतर बाबांना झोप येईना. दलालानं व्यापाऱ्याकडून जास्त घेऊन आपल्याला कमी सांगितलं असेल, मधलं खाल्लं असेल, असं त्यांना वाटू लागलं. शेवटी न राहवून ते गाडीनं नेरला गेले आणि व्यापाऱ्यालाच भाव विचारला. भाव तंतोतंत जुळला. दुसऱ्या कुणाचा संशय तिथं फिटला असता. बाबांचा वाढला. इतकं कसं जुळलं, असं म्हणू लागले. व्यापाऱ्यानं त्यांना तिथंच सुचवलं की आता आपण दोघं समोरासमोर आलोच आहोत, तर खरेदीखत उरकून टाकू. ते उरकलं, दलालाला न कळवता. व्यापाऱ्यानं पुढं आपल्या बाजूची दलाली त्याला गुपचूप चुकती केली म्हणतात. बाजारात व्यापाऱ्याला रोज उठून त्याच माणसांशी गाठ होती. बाबांना नव्हती.

दलाल आमच्याकडे येऊन बसू लागला. ओसरीच्या कडेला बसायचा, पाणी प्यायचा, चहा घ्यायचा नाही. त्याचं म्हणणं साधं होतं. भाव ठरल्यावर त्यानं बाबांची दोन बोटं धरली, शेकडा दोन, आणि बाबांनी ती उलट दाबून कबूल केली. बाबांनी त्याला विचारलं, कागद कुठं आहे? तो हसला. त्याला ती थट्टाच वाटली असावी. बैलबाजारात कागद कोण मागतो? मग बाबांनी विचारलं, साक्षीदार कुठं आहे? तेव्हा मात्र तो हसला नाही. काही दिवसांनी त्याच्या वकिलाची नोटीस आली आणि मागोमाग दावा.

बाबांचे वकील खुशीत होते. असा दावा म्हणजे लोण्यात सुरी, असं ते म्हणाले. कागद नाही, साक्षीदार नाही. व्यापाऱ्याला बोलावलं तर त्यानं सांगितलं की माझ्या हाताचं मला माहीत, त्यांच्या हाताचं मला काय माहीत. तो खोटं बोलत नव्हता, रीतच तशी होती. न्यायाधीशांनी दलालाला विचारलं, तू यांना नेमकं काय म्हणालास? काही म्हणालो नाही जी. मग हे तुला काय म्हणाले? तेबी काही नाही म्हणाले. कोर्टात हशा पिकला. बाबांनी घरी येऊन ते आम्हाला दोनदा सांगितलं, आवाज काढून. आई हसली नाही. ती भाजी निवडत होती.

“मले त दुपट्टा हलतानी दिसला होता,” ती म्हणाली.

बाबा म्हणाले, दुपट्टा वाऱ्यानंही हलतो. हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. दुपट्टा वाऱ्यानंही हलतो हे खरंच होतं, पण त्या दिवशी वारा होता असं काही ते म्हणाले नव्हते. आतापर्यंत मी दलालावर संशय घेत होते. त्या संध्याकाळी पहिल्यांदा माझी नजर बाबांकडे वळली, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. दलालानं आम्हा मायलेकींना साक्षीला का बोलावलं नाही, हेही मला कोडंच होतं. पुढं कळलं, त्याच्या वकिलानं तसं सुचवलं होतं. घरातल्या बाईमाणसाला नवऱ्याच्या, बापाच्या विरुद्ध उभं करायचं नाही म्हणून त्यानंच नकार दिला होता.

दावा हरणार हे दिसू लागलं तेव्हा दलालानं शेवटचा उपाय काढला. त्या काळी कायद्यात अशी सोय होती की एका पक्षानं म्हणावं, समोरच्यानं अमुक देवापुढं शपथ घेऊन सांगितलं तर मी ते मान्य करीन आणि माझा दावा सोडून देईन. दलाल म्हणाला, साहेबांनी कळंबच्या चिंतामणीपुढं शपथ घ्यावी. घेतली तर माझं काही मागणं नाही.

त्याची यात सगळी पत पणाला लागली होती, रकमेपेक्षाही जास्त. त्याचा अख्खा धंदा त्या दुपट्ट्याखाली चालत होता. कापडाखालची कबुली कबुली नव्हेच असं एकदा ठरलं, तर उद्या प्रत्येक जण हात पुसून मोकळा होणार होता. तरी त्यानं निवाडा कोर्टाकडून काढून बाबांच्या हाती दिला. कारण गावाला ठाऊक होतं तेच त्यालाही ठाऊक होतं. हा माणूस खोटं बोलत नाही.

ते दिवस आमच्या घरात फार वाईट गेले. बाबा जेवायला बसायचे आणि न जेवताच उठायचे. मी आईला विचारलं, घेतील का ग ते शपथ? आई म्हणाली, “नाई घेनार. चिंतामनीपुढं नाई घेनार ते. देऊन टाकतीन दलाली, पाहाजो तू.” तिच्या आवाजात काळजी नव्हती, उलट सुटका होती. मलाही वाटलं, देऊन टाकतील आणि एकदाचं सुटेल. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहायचे. ते माझी नजर चुकवायचे, की मलाच तसं वाटायचं, देव जाणे. संशयाला एकदा दार उघडलं की तो घरभर हिंडतो.

मग एके दिवशी बाबांचे वकील शपथेचा मजकूर घेऊन आले. दलालाच्याच वकिलानं तो लिहून कोर्टात दिला होता. ‘वादीस दलाली देण्याचे मी तोंडी अथवा लेखी कबूल केलेले नाही.’ बाबांनी चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. मग विचारलं, हेच शब्द राहणार? वकील म्हणाले, हेच, दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्यावर कानामात्रा बदलत नाही. बाबांनी सही केली. त्या रात्री ते पोटभर जेवले, वर आणखी अर्धी भाकर मागितली. आईच्या जिवात जीव आला. मी मात्र त्या मजकुरातले शब्द मनात मोजत होते. दलालाच्या त्या पोराटक्या वकिलाला कोर्टकचेरी ठाऊक होती, बैलबाजार ठाऊक नव्हता. त्यानं सवयीनं ‘तोंडी अथवा लेखी’ लिहिलं होतं. बाबांना काय सापडलं ते मला कळलं होतं, आणि आपल्याला चुकीचं कळलं असावं असं मला मनापासून वाटत होतं.

कळंबला मी त्यांच्याबरोबर गेले. आई आली नाही. तिला दर्शनाला यायचं नव्हतं असं कधी झालं नव्हतं, पण त्या दिवशी ती म्हणाली, माझे गुडघे दुखून राह्यले. कोर्टानं नेमलेले कमिशनर म्हणून एक म्हातारे वकील होते, त्यांच्या हातात तो कागद. दलाल आमच्या आधीच येऊन बसला होता. आम्ही सगळे पायऱ्या उतरून खाली गेलो. बाबांनी कुंडाजवळ हातपाय धुतले, डोक्यावर पाणी घेतलं आणि ओलेत्यानं देवापुढं उभे राहिले. ओंजळीत दूर्वा आणि जास्वंद. दलाल हात जोडून बाजूला. त्याला फारसं वाचता येत नव्हतं, म्हणून कमिशनरांनी आधी मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला.

तो ऐकून दलालानं जोडलेले हात सोडले.

“अन् हातानं?” त्यानं विचारलं.

कमिशनरांना कळेना. तो म्हणाला, तोंडी नाही, लेखी नाही, हे बरोबर आहे, पण हातानं नाही हे कुठं लिहिलं आहे? कमिशनर वैतागले. मजकूर तुझ्याच वकिलाचा, अंगठा तुझाच, आता काही बदलता येणार नाही, म्हणाले. तेव्हा तो बाबांकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याला अजूनही वाटत होतं की वकिलानं विसरलेला एक शब्द हा माणूस आपण होऊन घालील.

“साहेब, कागद राहू द्या. तुमी तुमच्या तोंडानं म्हना. तोंडी नाही, लेखी नाही, अन् हातानंबी नाही. एवढं म्हना अन् मी चाललो.”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. मी खांबाला धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, म्हणा, बाबा, म्हणून टाका. आणि म्हणता येत नसेल तर ही फुलं खाली ठेवा आणि वर चला. मी घरी कुणाला काही विचारणार नाही. माझ्या पगारातून मी दलाली भरीन.

“कोर्टानं जे लिहिलं आहे तेच मी म्हणेन,” बाबा म्हणाले.

आणि त्यांनी म्हटलं. स्वच्छ आवाजात, एकही शब्द न गाळता आणि एकही शब्द जास्त न घालता. फुलं देवाला वाहिली, नमस्कार केला. कमिशनरांनी कागदावर सह्या घेतल्या. दावा संपला.

वर आल्यावर बाबा ओले कपडे बदलायला गेले. दलाल पायताण घालत होता. मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. तोच म्हणाला, “बाई, तुमच्या बाबानं खोटी शपथ नाही खाल्ली. मनाला लावून घेऊ नका.” मग दुपट्टा झटकून म्हणाला, “माह्या तोंडाचं कोनी खरं धरत नाही. धंदाच तसा हाय. पन हातानं मी जिंदगीत खोटं बोललो नाही.” आणि नेरकडची गाडी मिळते का पाहायला निघून गेला. पुढं कधीतरी कापसाच्या बाजारापाशी तो मला दिसला होता. दुपट्टा खांद्यावरच होता. समोरच्या हॉटेलात बसून तो कुणाकडून तरी स्टँपावर सही घेत होता, आणि मोठ्यानं भाव बोलत होता.

परतीच्या गाडीत मी बाबांना विचारलं, दुपट्ट्याखाली तुम्ही हो म्हटलं होतं का?  ते खिडकीबाहेर पाहतच म्हणाले, मी खोटं बोललो नाही. मी म्हटलं, मी ते विचारलं नाही.  यवतमाळ आलं, आम्ही उतरलो.  घरी आईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि चूल फुंकायला बसली.

त्याच्या पुढच्या वर्षी मला वर्ध्याचं एक स्थळ आलं. चौकशीला बाबा स्वतः गेले. त्यांच्यापेक्षा कडक चौकशी करणारा माणूस जिल्ह्यात सापडला नसता. मुलाच्या कचेरीत गेले, शेजाऱ्यांकडे जाऊन बसले, वाण्याकडे उधारी आहे का तेही पाहून आले. घरी येऊन पाय धुतले आणि म्हणाले, मुलाबद्दल मला कुणी वाईट सांगितलं नाही. आई आनंदली. शेजारणीला सांगायला निघालीसुद्धा.

मी मात्र तिथंच उभी राहिले. कुणी वाईट सांगितलं नाही, असं ते म्हणाले होते. मुलगा चांगला आहे, असं म्हणाले नव्हते. त्यांना वाईट काही दिसलं का, हेही नव्हतं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी असं वाक्य माझ्या कानावरून गेलंही नसतं. त्या रात्री मी वर्ध्याच्या मामाला पत्र लिहिलं की तू वेगळी चौकशी कर, बाबांना कळू देऊ नको. घरच्या पत्रांत ते टाकलं नाही. शाळेत जाताना स्वतः पोस्टात नेऊन दिलं.

मामा बोलघेवडा होता. बाबांना ते कळलंच. मी शाळेतून आले तेव्हा ते ओसरीवर खुर्चीत बसले होते. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करतील. स्वतःच्या बापावर विश्वास नाही, म्हणतील, आणि ते खरंच होतं. मी चप्पल काढून खाली मान घालून उभी राहिले.

“बरं केलंस,” बाबा म्हणाले.